पान एकशे तेरा

३ मार्च

मावशी,

करवत गुडघ्याच्या खाली आली आणि मी ओरडले. डॉक्टर म्हणाले, "अजून लागलेली नाही." मी म्हटलं, "लागल्यावर ओरडून काय उपयोग?" ते हसले, त्यांचा हात हलला, म्हणून मी पुन्हा ओरडले. मग प्लास्टर मधोमध उघडलं आणि आतून जो पाय निघाला तो माझा नव्हता. पांढरा, काडीसारखा, वर बारीक केस. आई म्हणाली, "होईल नीट." डॉक्टर म्हणाले, "झालाय नीट. हाड आधीपेक्षा मजबूत जुळलंय. दहा-पंधरा दिवसांनी हिला तलावावर पाठवा."

पण पाय दुखतो. नडगीत, आतून. डॉक्टरांना ते कळत नाही, कारण त्यांच्याकडे हाडाचा फोटो आहे आणि दुखण्याचा फोटो निघत नाही. त्यामुळे इतक्यात तलावावर जाणं नाही. तिथले सर दोनदा घरी येऊन गेले. एकतीस तारखेला सूर मारणाऱ्या मुलींच्या संघाची निवड आहे, पाच मीटरच्या फळीवरून. नऊ मुली, पाच जागा. त्यांनी माझं नाव यादीत तसंच ठेवलंय. जाताना पायाकडे असं बघतात, जसं काही त्यानं त्यांच्याशी दगा केलाय.

तू पाठवलेल्या आत्मकथा आठ आठवड्यांत संपल्या. माझं मत ऐक. खाणीत गाडला गेलेला माणूस चांगला आहे, पण तो अकरा दिवस खाली आहे आणि रोज त्याला एक नवीन शहाणपण सुचतं. मी आठ आठवडे पडून होते, मला एकदाही काही सुचलं नाही. अनाथालयातल्या बाई रडवतात, आणि मग आपण रडलो की नाही ते वाकून बघतात. हात गेलेला चित्रकार मला फार आवडला होता. शेवटच्या पानावर तो म्हणाला, "तुम्हीही हे करू शकता." मी पुस्तक मिटलं. त्याला कुणी विचारलं होतं?

सगळ्यांचं एकच. पडतात एका पानात, उठायला शंभर पानं घेतात, आणि उठताना सारखे सांगत असतात की बघा, मी उठतोय. कमी बोलणारं कुणी नाही का तुमच्या कारखान्यात?

तुझी
बेडकी


८ मार्च

बेडके,

पाय दुखत असेल तर शेक घे. मीठ तव्यावर गरम करायचं, फडक्यात बांधायचं, दिवसातून दोनदा. माझी ताई, म्हणजे तुझी मातोश्री, फोनवर म्हणाली की तू पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मागतेस. हे मात्र शेकानं जाणार नाही.

कमी बोलणारं मागतेस. आमच्या बाइंडिंगखान्यात कमी बोलणारं कुणी नाही, पुस्तकंही नाहीत आणि बायकाही नाहीत. शिलाईवाली तर दोरा ओवतानाही बोलते. तोंडात दोरा असतो, तरी बोलते.

तू मागे विचारलं होतंस की मी दिवसभर नक्की करते काय. छापलेला मोठा कागद घडी घातला की सोळा पानांचा फर्मा होतो. असे चौदा फर्मे एकावर एक रचले की झालं पुस्तक. रचायचं काम माझं. लांब टेबलावर ओळीनं ढीग असतात. मी टेबलाभोवती फिरते, प्रत्येक ढिगावरचा एक उचलते, ठोकून सारखे करते आणि शिलाईवालीकडे सरकवते. दिवसाला आठ किलोमीटर चालणं होतं. मालक म्हणतात, तुला पगार पायांचा देतो, हात फुकट वापरतो.

बाकीच्या वाचत नाहीत, मी वाचते. पण वाचते ती फर्म्याफर्म्यानं. आज पाचवा, उद्या दुसरा, परवा बारावा. माझ्याकडे माणसं आधी मरतात, मग जन्मतात. सवय झाली की बरं वाटतं.

सोबत एक निळ्या पुठ्ठ्याचं पाठवते आहे. पुठ्ठ्याचा कोपरा चेपलाय म्हणून बाद प्रत. एका बाईची आत्मकथा आहे. पाठीच्या कण्याचा क्षय, म्हणून तीन वर्षं तिला प्लास्टरच्या साच्यात उताणं निजवून ठेवलं होतं. तुला आठ आठवड्यांत केवढा वैताग आला ते आठव. मी हिचे चार-पाच फर्मे वाचलेत. तुला हवी तशी आहे, रडगाणं नाही.

आईला छळू नकोस.

मावशी


१५ मार्च

मावशी,

काय बाई आहे ही! मी दोन दिवसांत दोनदा वाचलं. आई म्हणाली, अभ्यासाचं पुस्तक असं वाचलं असतंस तर. मी म्हटलं, अभ्यासाच्या पुस्तकात दोरी कुठे असते?

सांगते. पान ११२. तिसरं वर्ष चालू आहे. ती साच्यात उताणी. खिडकी डोक्यामागे, त्यामुळे तिला फक्त छत दिसतं. डॉक्टर येतात, कागद बघतात, जातात. मग ती लिहिते, "डॉक्टर गेल्यावर मी वर छताकडे पाहिलं आणि", इथे पान संपतं. शेजारी पान ११३. "डावा पाय दोरीवर ठेवला."

पूर्णविराम.

मी ताडकन उठून बसले. कसली दोरी? पुढे वाचलं तर ही सर्कशीत! जमिनीपासून अठरा हात वर, एका हातात छत्री, खाली तीनशे माणसं, आणि बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलंय. कशी उठली? कधी उठली? कुणी हात दिला? एक अक्षर नाही. खाणीतल्या माणसानं इथे सत्तर पानं घेतली असती. हिनं एक वाक्य घेतलं, तेही अर्धं आजारपणाचं.

मी विचार केला की ती सांगत का नाही. मला वाटतं, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. उठायचं होतं, उठली. हीच खरी ताकद. बाकीचे ताकद दाखवतात, हिनं लपवली.

आणि एकच गोष्ट लपवली असं नाही. पहिल्या भागात तिचा भाऊ दर रविवारी भेटायला येतो. सर्कशीत गेल्यावर भावाचं नावसुद्धा नाही. काहीतरी बिनसलं असणार, पण ही चकार शब्द काढत नाही. पान १३० वर एकदम नवरा उगवतो. लग्न कधी झालं, काही नाही. किती सभ्य! आधी तिला मांजरं आवडत नाहीत, नंतर मांजर कुशीत घेऊन झोपते. आजारपणानं माणूस बदलतो, हे मी स्वतःवरून सांगते, मला हल्ली दुधी आवडतो.

आता तुला एक सांगते, पण आईला कळलं तर मी तुझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही.

पाय दुखत नाही. एकदाही दुखलेला नाही.

फळीवर चढायचा जिना ओला होता. सातव्या पायरीवरून पाय सटकला आणि मी फरशीवर पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आता डोळे मिटले की ती पायरी दिसते, आणि हात गार पडतात. आईला सांगितलं तर ती म्हणेल, मग नको जाऊस. आणि मी लगेच हो म्हणेन, मला माहीत आहे. सरांना सांगितलं तर ते सगळ्या मुलींना गोल बसवून भीतीवर भाषण देतील. म्हणून मी म्हणते दुखतं. शेक घेते. तुझ्या मिठानं कातडी भाजली, ते मात्र खरंच दुखतं.

पण आता मी ठरवलंय. तेवीस तारखेला, रविवारी, सकाळी लवकर. कुणालाही सांगणार नाही. सराव नाही, तयारी नाही. वर बघायचं आणि पाय ठेवायचा.

तुझी
बेडकी


१९ मार्च

बेडके,

पत्र दुपारी मिळालं, लगेच लिहिते आहे.

पायाचं खरं सांगितलंस, बरं केलंस. आईला सांगणार नाही.

एक ऐक. रविवारी जाऊ नकोस. मी सुट्टी काढून येते, मग दोघी मिळून बघू. आणि ते निळं पुस्तक आमच्या गाडीवाल्याकडे परत दे. तो दर शुक्रवारी तुमच्याकडच्या दुकानात माल टाकायला येतो. मला त्यातलं एक पान बघायचंय. मांजर कुठल्या पानावर आवडतं आणि कुठल्या पानावर नावडतं तेही नीट बघून कळव, पानांच्या आकड्यांसकट.

त्या बाईचं फार मनावर घेऊ नकोस. पुस्तकं आमच्याकडे बनतात, मला माहीत आहे ती कशी बनतात.

आज फार काम आहे.

मावशी


२४ मार्च

मावशी,

आईनं तुला फितवलं ना? खरं सांग. "जाऊ नकोस, मी येते, मग बघू." ही आईची भाषा आहे, अक्षर तेवढं तुझं. पुस्तक मी परत देणार नाही. मांजर पान ४१ वर नावडतं, १६० वर कुशीत, १९८ वर तीन पिल्लं. कशाला हवंय कोण जाणे.

मी गेले रविवारी.

तलावावर कुणी नव्हतं. रखवालदार जाळीनं पाण्यातली पानं काढत होता. मी जिना चढले. पंधरा पायऱ्या. सातवीवर थांबले नाही, सहावीवरून एकदम आठवीवर गेले. वर पोचले. टोकापर्यंत चार पावलं आहेत, ती चालले. वर बघितलं. आभाळ होतं. पाय पुढे केला.

आणि काही झालं नाही. पाय हवेत, मी फळीवर. पाय मागे घेतला. पुन्हा पुढे केला. असं किती वेळ चाललं ते माहीत नाही. खालून रखवालदार म्हणाला, "पोरी, उडी मारायची आहे की हवा खायची आहे?" मी म्हटलं, "हवा." तो म्हणाला, "खा मग. फुकट आहे."

मी जिन्यानं उतरले. तोंड जिन्याकडे करून, एकेक पायरी, लहान मूल पलंगावरून उतरतं तशी.

ती तीन वर्षं हललीही नव्हती आणि अर्ध्या वाक्यात उठली. मी आठ आठवडे पडून होते, माझं हाड आधीपेक्षा मजबूत आहे, आणि माझ्याकडे अख्खा रविवार होता. ज्याच्यात असतं त्याच्यात असतं. माझ्यात नाही. कळलं हे एका अर्थी बरंच झालं, उगाच आशेवर राहिले नाही. एकतीसला सरांना सांगते की पाय कायमचा गेला, नाव काढा.

आता पुस्तकं पाठवू नकोस. शिवायला शिकावं म्हणते. तुमच्याकडे जागा आहे का?

बेडकी म्हणू नकोस. बेडकी उडी मारते.


२७ मार्च

बेडके (मी म्हणणार),

आधी बस. बसलीस?

अशी बाई नाही. कधी नव्हती. त्या दोन बायका आहेत, आणि त्यांना मी एकत्र केलं.

फेब्रुवारीत एकाच प्रकाशकाची दोन पुस्तकं एकदम आली. निळं आणि पिवळं. निळं दवाखान्यातल्या बाईचं, पिवळं दोरीवर चालणाऱ्या बाईचं. कागद तोच, टाइप तोच, दोन्ही चौदा फर्म्यांची, पानाच्या वर नाव नाही. सकाळी मी दोन्हींचे पहिले सात सात फर्मे रचून ठेवले. पुढचे सात जेवणानंतर लावायचे होते. जेवताना शिलाईवालीला निरोप आला की मुलगी बाळंत झाली, जुळी आहेत. मग कसलं जेवण नि कसलं काम! ती रडत होती, आम्ही हसत होतो, जुळ्यांतलं कोण कसं ओळखायचं यावर अर्धा तास वाद. त्या गडबडीत मी निळे अर्धे गठ्ठे पिवळ्याच्या टेबलावर नेले आणि पिवळे निळ्याच्या.

साठ प्रती. तपासणाऱ्यालाही सापडलं नाही, कारण पानांचे आकडे बरोबर, फर्म्यांचे आकडे बरोबर, फर्म्यांच्या पाठीवर क्रमासाठी छापलेल्या काळ्या खुणाही एका रेषेत. आकडे सगळे जुळले. फक्त माणूस बदललं. कुणी ती ओळ वाचली असती तरच कळलं असतं, आणि आमच्यात वाचणारी मी एकटी.

तुझं सर्कशीचं पत्र वाचलं तेव्हा माझ्या हातातला चहा हातातच राहिला. शिलाईवालीला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "पोरीला उडी मारू दे, मग सांग. तिला त्यानं जोर आलाय, तर तू कशाला पाणी ओततेस?" मला ते पटलंही आणि नाहीही पटलं. म्हणून मग ते धड ना इकडचं ना तिकडचं पत्र लिहिलं. तुझ्या आईचा काही दोष नाही. पुस्तक चुकीचं लावलं ती माझी एक चूक, आणि कळल्यावर गप्प बसले ती दुसरी. दुसरी मोठी. तू एका न झालेल्या बाईशी स्वतःला तोलत बसलीस आणि मी इथे बसून मांजराची पानं विचारत होते.

आज मालकांना सांगितलं. ते आधी लाल झाले. मग मी त्यांना तुझ्या पत्रातला भाऊ, नवरा आणि मांजर एवढंच वाचून दाखवलं, बाकीचं नाही. ते टेबलावर डोकं ठेवून हसले. मग डोकं वर करून म्हणाले, "साठच्या साठ परत मागव. तुझ्या हातानं पत्रं लिही दुकानांना." लिहिते आहे. एका दुकानदाराचा निरोप आधीच आला होता. त्याच्याकडे उलटी प्रत गेली, पिवळ्या पुठ्ठ्याची. त्यात बाई दोरीजवळ उभी राहते, छत्री उघडते आणि पुढच्या पानावर अंथरुणात असते. गिऱ्हाईक येऊन विचारून गेलं, पडल्याचं पान गळलंय का?

आता खरं ऐक. दोन्ही पुस्तकं सोबत आहेत, मी स्वतः पान न पान तपासून लावलेली. गाडीवाला पोचवेल.

निळी बाई उठली नाही. पान ११३ वर ती छताच्या फळ्या मोजते. बत्तीस आहेत. पुढची सगळी पानं ती त्याच साच्यात आहे. पण पडून काय काय करते! साऱ्या दवाखान्याची पत्रं लिहून देते. आडवं पडून, पाटी छातीवर धरून. दोन नर्सांची प्रेमपत्रं लिहून देते आणि तिसऱ्या पत्राला तिच्या ध्यानात येतं की दोघींचा माणूस एकच आहे. मग काय करते ते वाच, मी सांगत नाही. मी टेबलाशी उभी राहून एवढी हसले की ढीग पडला.

पिवळी कधी अंथरुणाला खिळली नाही. आईबाप सर्कशीत, खाऊनपिऊन सुखी. बावीस वर्षं दोरीवर चालली. तिचं पान ९७ तुझ्याकडे नव्हतं, म्हणून इथे उतरवते: "भीती रोज वाटायची. सगळे म्हणत, सवयीनं जाते. माझी गेली नाही. खेळ सहाला असे, म्हणून मी सहाला चढे. कधी चढून पुन्हा शिडीनं खाली येई. पोरांना वाटे, हा खेळातलाच भाग आहे. ती टाळ्या वाजवत."

बघ काय ते. मी येऊ शकत नाही, साठ प्रती उसवायच्या आहेत. तुझी आई आहे तिथे. तिला सांग. तुला वाटते तेवढी ती वाईट नाही, मी लहानपणापासून ओळखते.

शिवायला यायचं तर जरूर ये. जागा आहे. पण शिलाईवाली म्हणते, इथेही रोज सुई टोचते, आणि तीस वर्षांनीही टोचते.

तुझी
मावशी


३० मार्च

मावशी,

आधी मी रागावले. पत्र चुरगाळलं. मग सरळ करून पुन्हा वाचलं, कारण नर्सांचं नीट वाचायचं राहिलं होतं. मग हसायला लागले. तोंडावर उशी धरली तरी आवाज बाहेर गेला आणि आई धावत आली. तिला वाटलं, दुसरा पाय मोडला.

मी तिला सगळं सांगितलं. पाय दुखत नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. दुखऱ्या पायानं कुणी फ्रिजपर्यंत धावत जात नाही." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तू सांगशील म्हणून वाट बघत होते. मीठ बरंच संपलं." ती "नको जाऊस" म्हणाली नाही. मी वाट बघत होते तिनं म्हणावं म्हणून. नाही म्हणाली.

मग दोघी सरांकडे गेलो. सरांनी भाषण दिलं नाही. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "मी दहा मीटरवरून आजवर एकदाही उडी मारलेली नाही. मुलींना सांगू नकोस. शिट्टी वाजवायला खालीच बरं असतं." यादीत माझं नाव आहे.

दोन्ही पुस्तकं वाचली. निळी बाई जास्त आवडली. दोघी नर्सांना तिनं एकाच दिवशी सारखंच पत्र लिहून दिलं, शब्दन् शब्द एकच, आणि दोघींना सांगितलं की आता मैत्रिणीला वाचून दाखव. वाचताना मला तिचा चेहरा दिसत होता. ती उठली नाही याचं आधी वाईट वाटलं. पुस्तक संपता संपता मी ते विसरले होते, आणि मला वाटतं तीही विसरली होती. पिवळीचं पान ९७ मी तीनदा वाचलं. त्यात शहाणपण काही नाही. ती फक्त वेळ सांगते. मला तेच बरं वाटलं.

तुझी तिसरी बाई, म्हणजे तू लावलेली, ती मला अजून थोडी आवडते. पण आता तिचा धाक नाही वाटत. तिला नवरा कुठून आला तेही तिला माहीत नाही, बिचारीला.

मालकांना सांग, साठ मिळणार नाहीत. एकोणसाठ मिळतील.

उद्या सकाळी सातला निवड आहे. मी वर जाणार आहे एवढं नक्की. टोकावर काय होईल ते माहीत नाही. हात आत्ताच गार आहेत, म्हणून अक्षर असं. जवळजवळ तीन महिने पाण्यात नाही गेले, निवड होणार नाही हे मला आणि सरांना दोघांनाही माहीत आहे. त्याचं काही नाही. मला ती फळी परत हवी आहे.

जुळ्यांतलं कोण कसं ओळखतात ते कळव.

तुझी
बेडकी


३१ मार्च

पोरीचं पाकीट उघडं होतं, तिकीट मला लावायला सांगितलं होतं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. वाचलं नाही असं म्हणणार नाही.

आज सकाळी सातला तलावावर गेलो. हिचा नंबर सहावा होता. वर गेली, टोकापर्यंत चालत गेली आणि खाली बसली, बाकावर बसावं तशी, पाय सोडून. सातव्या मुलीनं खालून विचारलं, "मी आधी येऊ का?" ही म्हणाली, "थांब, झालंच." मग उभी राहिली आणि सूर मारला. वाकडा पडला, मांड्या लाल झाल्या. बाहेर आली तेव्हा दात वाजत होते आणि हसत होती. निवड झाली नाही. बाकीच्या मुली सरावासाठी पुन्हा रांगेत लागल्या, त्यांच्यामागे ही अंग न पुसताच उभी राहिली. मला आमचं चष्म्याचं दुकान उघडायचं होतं, म्हणून मी निघाले.

ताई